मांसाहाराचा गुणदोषविचार : वऱ्हाडच्या दृष्टीने

मनुष्याने काय खावे हा प्रश्न वरवर पाहता पोटाचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देताना प्रत्येक समाजाने धर्म, जात, अर्थ आणि वैद्यक या चौघांनाही साक्षीस बोलावले आहे. आमच्या अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांत मांसाहाराचा प्रश्न पूर्वी ‘आमच्यात चालत नाही’ किंवा ‘आमच्यात चालते’ एवढ्या बोलण्याने मिटत असे. आता तो तसा मिटत नाही. लाल मांसाने कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितले आहे, असे एक पक्ष म्हणतो. ते मत पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी खोडून काढले, असे दुसरा पक्ष उत्तर देतो. दोघांच्याही हाती छापील आधार असतो, आणि दोघेही बहुधा आपल्या घरच्या जुन्या चालीचेच समर्थन करीत असतात. अशा वेळी या वादाचा थोडा मागचा इतिहास पाहिला तर काही उलगडा होईल असे आम्हांस वाटते. कारण ‘मांस वाईट की चांगले’ हा एक प्रश्न नसून, मांस कोणते, ते कसे टिकवलेले, किती, आणि कोणाच्या ताटात कशाबरोबर, असे चार प्रश्न त्यात एकत्र बांधले गेले आहेत.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेतला पाहिजे. आजचे आहारशास्त्र ज्याला लाल मांस म्हणते त्यात गाय, म्हैस, डुक्कर, मेंढी आणि शेळी-बोकड या सर्व सस्तन पशूंचे मांस येते. कोंबडी व मासे येत नाहीत. वऱ्हाडात मटण म्हणजे बोकडाचे मांस, आणि पुष्कळांची अशी समजूत आहे की ‘लाल मांस’ ही काही तरी परदेशी वस्तू असावी. ती समजूत बरोबर नाही. आमच्याकडच्या बेरारी शेळीचे मांसही त्याच सदरात मोडते. दुसरा शब्द ‘प्रक्रिया केलेले मांस’. मीठ लावून, मुरवून, आंबवून, धुरी देऊन किंवा अशाच अन्य उपायांनी टिकाऊ अथवा रुचकर केलेले मांस असा त्याचा अर्थ. सॉसेज, हॅम, बेकन, सलामी, डबाबंद मांस हे त्याचे प्रकार होत. घरी ताजे आणून शिजवलेल्या मटणाचा रस्सा त्यात येत नाही.

हा भेद पाश्चात्यांनीच प्रथम केला असे मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय ‘मात्राशितीय’ म्हणजे मापात खाण्याविषयीचा आहे. त्यात वाळवलेले मांस जड असल्यामुळे नित्य खाऊ नये असे सांगितले आहे. डुक्कर, गाय व म्हैस यांचे मांस, तसेच मासे, दही आणि उडीद यांचीही रोजची सवय लावू नये असे म्हटले आहे. उलट साठेसाळी, मूग, सैंधव, आवळा, जव, दूध, तूप, मध यांच्या पंक्तीस जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशातील पशुपक्ष्यांचे मांस बसवून ते नित्य सेवनास योग्य ठरवले आहे. बोकडाच्या मांसाविषयी त्याच ग्रंथाचे मत अनुकूल आहे, आणि राजयक्ष्म्याने झिजलेल्या रोग्यास मांसरस द्यावा असेही तो सांगतो. चरकाला कर्करोगाच्या आकडेवारीची पूर्वकल्पना होती असे यावरून सिद्ध करण्याचा मोह काहींना होईल. तो आम्ही टाळतो. त्याची कारणमीमांसा गुरु-लघु गुणांची होती, आजची रसायनाची आहे. परंतु मांस हा एकच पदार्थ मानून त्यावर एकच निवाडा देऊ नये, ही दृष्टी आमच्या वैद्यकात फार जुनी आहे एवढे यातून निश्चित निघते.

मग आमच्याकडे हा विवेक मागे पडून मांसाहाराला सरसकट होय किंवा नाही असे उत्तर देण्याची रीत का पडली? त्याचे कारण असे की, मधल्या काळात हा प्रश्न वैद्यांच्या हातून संतांच्या हाती गेला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. तेराव्या शतकात गोविंदप्रभू व चक्रधर यांच्या परिवाराने येथे अहिंसेचा जो कडकडीत आचार रुजवला, त्यामुळे ब्राह्मण नसलेल्या कित्येक कुळांतही निरामिष आहार हे धर्माचे लक्षण झाले. विसाव्या शतकात गाडगेबाबांनी हाच उपदेश निराळ्या पायावर उभा केला. १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या या पुरुषाने मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस व दारू न देता गोडाचे जेवण घातले, ही कथा वऱ्हाडात सर्वांच्या तोंडी आहे. जत्रेतील पशुहत्येविरुद्ध ते जन्मभर बोलले. परंतु त्यांचा रोख दयेवर आणि कर्जावर होता. नवसाच्या बोकडापायी शेतकरी सावकाराच्या दारी जातो, आणि मांसाच्या पंगतीबरोबर दारू येते, हे त्यांचे दुःख होते. महानुभावांचे व गाडगेबाबांचे म्हणणे नीतीचे होते, आणि नीती म्हणून त्याला आजही तेवढेच वजन आहे. त्याला वैद्यकाचा मुलामा देण्याची गरज नाही. तसा दिल्याने नीतीलाही बळ येत नाही आणि वैद्यकही बिघडते.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे, आणि सुशिक्षित घरांत तिची वाच्यता फारशी होत नाही. मांस टिकवण्याची कला महाराष्ट्रात नव्हती असे नाही. ज्यांना गावाने मेलेली जनावरे ओढण्याचे काम दिले होते, त्या जातींची घरे मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवीत व पुढच्या उपासमारीच्या दिवसांसाठी ठेवीत. त्यांना ‘चान्या’ म्हणत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात या पाकसंस्कृतीची नोंद करून ठेवली आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीस भरलेल्या परिषदेचे तेच अध्यक्ष होते. मृतमांस सोडणे हा प्रश्न मानाचा होता. परंतु एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या घरांत दूध, तूप, डाळ यांचा पुरवठा नव्हता, तेथे हे वाळवलेले मांस हाच प्रथिनांचा साठा होता. ते सोडा असे सांगणे जितके योग्य होते, तितकेच त्याच्या जागी दुसरे पोषक अन्न त्या ताटात घालणे समाजाचे कर्तव्य होते. हे दुसरे कर्तव्य आमच्या समाजाने सावकाशीने केले, आणि अजून पुरते केलेले नाही.

इंग्रजी अमलात या वादाला तिसरे वळण लागले. राज्यकर्ते मांस खातात म्हणून बलवान आहेत, आणि आपण खात नाही म्हणून जिंकले गेलो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तरुणांच्या मनात घर करून होती. गांधीजींनी शाळकरी वयात मित्राच्या नादाने लपून बोकडाचे मांस खाल्ले ते याच समजुतीने, हे त्यांच्या आत्मकथेमुळे सर्वांस ठाऊक आहे. या कल्पनेला शास्त्राचे रूप कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डेव्हिड मॅके यांनी दिले. १९१२ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी बंगाली माणसाच्या दुर्बलतेचे खापर आहारातील प्रथिनांच्या कमतरतेवर फोडले. त्याआधीच, १९०४ साली, अमेरिकेत येल येथील चिटेंडन यांनी प्रयोगावरून असे दाखवले होते की, त्या काळी आवश्यक मानलेल्या प्रथिनांच्या जवळजवळ निम्म्यावर माणूस उत्तम राहतो. म्हणजे आजच्यासारखेच तेव्हाही तज्ज्ञांचे दोन पक्ष होते. वऱ्हाडने या वादाला आपल्या परीने उत्तर दिले ते आखाड्यात. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि १९३६ साली त्याचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी देशी खेळ दाखवून आले. बळ हे केवळ ताटातील एका पदार्थावर अवलंबून नसते, व्यायामाचाही त्यात वाटा असतो, हे त्या तरुणांनी कृतीने सांगितले.

तात्त्विक वाद असा चालू असता युद्धाने एक निर्दय प्रयोग घडवून आणला. १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत मेसोपोटेमियातील कुत येथे पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्यात मराठा पलटणीही होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्माच्या व जातीच्या भयाने नाकारले. परिणाम असा झाला की, हिंदी शिपायांत हिरड्या सुजून रक्त येण्याचा स्कर्व्ही हा रोग पसरला आणि गोरे त्यातून बऱ्याच अंशी वाचले. कारण ताज्या मांसात क जीवनसत्त्व अल्प का होईना असते. उलट पांढऱ्या पिठाची पोळी खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरीने गाठले, आणि कोंड्यासकट आटा खाणारे हिंदी शिपाई त्यातून सुटले. पुढे हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची संमती मागवण्यात आली व शेवटी शेवटी पुष्कळांनी ते मांस स्वीकारले. पण तोवर उशीर झाला होता. या एका वेढ्यात मांस पथ्यकर ठरले आणि जाडेभरडे पीठही पथ्यकर ठरले. जो ज्याला वंचित, त्याला तोच रोग झाला.

कुतच्या वेढ्याने जे अपघाताने दाखवले ते निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी हेतुपूर्वक तपासले. हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे आहार त्यांनी एकाच जातीच्या, एकाच वयाच्या उंदरांच्या गटांना घातले. शीख आहाराचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, पठाणी आहाराचे त्यांच्या खालोखाल, आणि मराठा आहाराचे त्यांच्याही मागोमाग. पांढऱ्या तांदळावर भिस्त असणारे बंगाली व मद्रासी आहार खालच्या टोकाला राहिले. शीख आहार म्हणजे गव्हाची कोंड्यासह पोळी, दूध, लोणी, डाळ, ताज्या भाज्या आणि आठवड्यातून एकदा थोडे मांस. यापुढचा प्रयोग अधिक बोलका आहे. एका गटाला हा शीख आहार आणि दुसऱ्याला विलायतेतील गरीब वर्गाचा आहार त्यांनी दिला: पांढरा पाव, मार्गरीन, थोड्या दुधाचा गोड चहा, उकडलेला कोबी व बटाटा, डबाबंद मांस आणि मुरंबा. हे दुसरे उंदीर खुजे राहिले, फुप्फुसाच्या व आतड्याच्या रोगांनी ग्रासले, राखणाऱ्या माणसांना चावू लागले, आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यातील दुर्बलांना मारून खाऊ लागले. १९३६ साली लंडनच्या व्याख्यानांतून मॅकॅरिसन यांनी हे सर्व मांडले. यातील मर्म असे की, उत्तम आहारातही मांस होते आणि निकृष्ट आहारातही होते. पहिल्यात ते ताजे, थोडे, आणि दूध-भाजी-डाळीच्या संगतीत होते. दुसऱ्यात डब्यातले, आणि पांढऱ्या पावाच्या संगतीत. अर्थात दोष एकट्या डबाबंद मांसाचा होता असेही या प्रयोगावरून म्हणता येणार नाही. तो सबंध ताटाचा होता.

आता टिकवलेल्या मांसाचीच कथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण आजच्या वादाचे मूळ तेथे आहे. युरोपात हिवाळ्यापूर्वी जनावरे मारून मांस मिठात व सोऱ्यात मुरवून ठेवण्याची चाल जुनी. सोरा म्हणजे ज्याची बंदुकीची दारू होते तेच क्षार. त्याने मांस लालसर राहते हे लोकांना दिसत होते. त्याने एक घातक विषही आवरते हे पुढे कळले. १८२० च्या सुमारास जर्मनीतील वुर्टेम्बर्ग येथे युस्टिनस केर्नर या वैद्याने सॉसेज खाऊन मेलेल्या लोकांचा अभ्यास केला. लॅटिनमधील सॉसेजच्या शब्दावरूनच त्या विषबाधेला बॉट्युलिझम हे नाव पडले. सोऱ्यापासून होणारे नायट्राइट हे त्या विषाच्या जंतूस वाढू देत नाही. म्हणून विसाव्या शतकातील कारखान्यांनी नायट्राइट थेट वापरण्यास आरंभ केला. तत्काळ मृत्यू टळला, परंतु त्याच द्रव्यापासून पोटात नायट्रोसो संयुगे बनतात व त्यांतील कित्येक कर्करोगकारक आहेत, असे पुढील संशोधनाने दाखवले. एका धोक्यावरील उपायातून दुसरा, सावकाश येणारा धोका निघाला.

या पार्श्वभूमीवर १९१५ च्या वेढ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने आपला निर्णय जाहीर केला. दहा देशांतील बावीस तज्ज्ञांनी आठशेहून अधिक अभ्यास पाहून, प्रक्रिया केलेले मांस मनुष्यास निश्चितपणे कर्करोगकारक आणि लाल मांस बहुधा कर्करोगकारक असे वर्गीकरण केले. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संभव १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज होता. या निर्णयाचा आमच्याकडे दोन प्रकारे विपर्यास झाला. पहिला असा की, ज्या वर्गात तंबाखू आहे त्याच वर्गात सॉसेज घातले, तेव्हा दोन्ही सारखेच घातक. हे बरोबर नाही. वर्ग हा पुराव्याच्या खात्रीचा आहे, हानीच्या आकाराचा नाही. प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिसेवनामुळे जगात दरवर्षी सुमारे ३४,००० कर्करोगमृत्यू होतात असा अंदाज संघटनेनेच त्या वेळी दिला. तंबाखूचा आकडा दहा लाखांचा होता. ज्या घरात मटणाची चर्चा चालते आणि खर्ऱ्याची पुडी खिशात असते, त्या घराने ही दोन संख्या शेजारी ठेवून पाहाव्यात. दुसरा विपर्यास टक्क्यांचा. समजा, शंभर माणसांत पाच जणांना जन्मभरात हा रोग व्हायचा असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे पाचांचे सुमारे सहा. शंभरांत अठरा जास्त नव्हे. हिंदुस्थानात तर या रोगाचे प्रमाण पाश्चात्य देशांहून पुष्कळच कमी आहे.

उलट पक्षाचा आधार २०१९ सालचा. कॅनडातील ब्रॅडली जॉन्स्टन यांच्या पुढाकाराने चौदा जणांच्या मंडळाने असे मत दिले की, लाल व प्रक्रिया केलेल्या मांसाविरुद्धचा पुरावा कमी खात्रीचा आहे, खाणे कमी केल्याने होणारा लाभ लहान आहे; सबब प्रौढांनी चालू आहे तसे चालू ठेवावे. चौदांपैकी अकरा जणांचा हा कौल होता, आणि त्यावर वैद्यकविश्वात मोठे काहूर उठले. परंतु या मंडळाने मांस निरुपद्रवी आहे असे कोठेही म्हटले नाही. त्याने पुराव्याला अधिक कडक कसोटी लावली, इतकेच. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, एकवीस देशांतील १,३४,२९७ लोकांच्या दीर्घ पाहणीचा अहवाल आला. त्या देशांत हिंदुस्थानही होता. तीत प्रक्रिया न केलेल्या लाल मांसाचा मृत्यूशी किंवा हृद्रोगाशी ठळक संबंध आढळला नाही; आठवड्यास १५० ग्रॅम अथवा अधिक प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यांत मात्र दोन्ही वाढलेले दिसले. सर्व मिळून पाहता निष्कर्ष असा दिसतो: टिकवलेल्या मांसाविरुद्धचा आरोप बऱ्याच अंशी शाबीत आहे, ताज्या लाल मांसाविरुद्धचा संशय आहे, पण तो प्रमाणावर अवलंबून आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीने लाल मांसाची मर्यादा शिजवलेल्या वजनाने आठवड्यास साधारण ३५० ते ५०० ग्रॅम एवढी सांगितली आहे. पोळ्याच्या करीला किंवा पंधरवड्यातून एखाद्या रविवारी मटण आणणारे वऱ्हाडी घर या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते.

तेव्हा वऱ्हाडपुरता हा प्रश्न संपला असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. कारण वऱ्हाडचे ताट एक नाही. अमरावतीहून परतवाड्यावरून घाट चढून गेले की मेळघाट लागतो. चिखलदरा व धारणी या तालुक्यांतील कोरकू मुलांच्या मृत्यूंनी १९९३ साली देशाचे लक्ष वेधले. ज्या रानात पूर्वी शिकार मिळे तेथे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली व १९७४ साली व्याघ्रप्रकल्प आला. वनरक्षणासाठी ते आवश्यक होते, पण ताटातून गेलेल्या वस्तूची भरपाई सहज झाली नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हा आकडा सबंध प्रांताचा आहे, आणि अमरावती-अकोल्यातील आमच्या घरांतील लेकीसुना त्याबाहेर नाहीत. मांसातील लोह शरीरात धान्य-भाजीतील लोहापेक्षा सहज शोषले जाते. ब-१२ हे जीवनसत्त्वही प्राणिज अन्नातूनच मिळते. आणि येथेच निसर्गाची विलक्षण गुंतागुंत दिसते. मांसातील ज्या लोहयुक्त रंगद्रव्याने रक्त भरून येते, त्याच द्रव्यावर आतड्याच्या कर्करोगाचा संशय आहे. रोज भरपूर मांस खाणाऱ्या साठीच्या गृहस्थास जे अपायकारक, तेच रक्त नसलेल्या विशीतील गर्भवतीस उपकारक होऊ शकते. पाश्चात्य अहवालाचे एकच वाक्य दोघांनाही वाचून दाखवणे हा शास्त्राचा अपमान होय.

आमच्या शहरी मध्यमवर्गाची चूक याच्या नेमकी उलट दिशेने होत आहे. घरातील वडील मंडळी बोकडाच्या रश्श्याला नावे ठेवतात, आणि मुले दुकानातून गोठवलेली सॉसेज व सलामी आणतात. ती कोंबडीची असली म्हणजे निर्दोष अशी समजूत असते. परंतु मुरवण्याची द्रव्ये कोंबडीच्या मांसातही घालतात, आणि प्रक्रियेचा दोष पशू बदलल्याने जात नाही. जे निरामिष आहेत त्यांनीही केवळ मांस टाळल्याने आरोग्य हाती आले असे मानू नये. मॅकॅरिसन यांच्या पांढऱ्या पावाला आणि गोड चहाला आज आमच्या घरांत पुष्कळ भाऊबंद मिळाले आहेत, आणि ज्या ज्वारीच्या भाकरीवर व तुरीच्या वरणावर वऱ्हाडची मागची पिढी पोसली ती ताटात आक्रसत चालली आहे.

सारांश, ज्याला दयेने किंवा धर्माने मांस वर्ज्य आहे त्याने ते खुशाल वर्ज्य करावे. डाळ, दूध, पालेभाज्या यांची नीट जोड दिली तर त्याचे काही अडत नाही, फक्त ब-१२ कडे लक्ष द्यावे. जो खातो त्याने ताजे, मापात आणि भाकरी-भाजीच्या संगतीत खावे. डब्यातले व पाकिटातले नित्याचे करू नये. आणि ज्याच्या ताटात मुळातच काही नाही, त्याला यातले काही सांगण्यापूर्वी त्याचे ताट भरावे. शासनाने २०१५ साली आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना काढली, पुढे मुलांना अंडी वा केळी देण्यास आरंभ केला. त्या अंड्यावर शहरात बसून वाद घालणाऱ्यांनी कुतच्या वेढ्यातील हिंदी शिपायांची आठवण ठेवावी. त्यांनी आपला नियम स्वतः पाळला व त्याची किंमत स्वतः मोजली. दुसऱ्याच्या भुकेल्या मुलावर आपला नियम लादणाऱ्यास तेवढीही सोय नाही. त्याची किंमत ते मूल मोजते.